मृगाच्या आत: बेगमीबद्दल वाचकांचे प्रश्न

वर्षाचा गहू, आगोटीची म्हणजे पावसाळ्याआधीची खरेदी, पुराची धास्ती आणि गेलेली वीज. या महिन्याची बरीचशी पत्रं याच चार गोष्टींभोवती फिरताहेत. त्यातली काही इथे थोडी काटछाट करून दिली आहेत.

प्रश्न: आम्ही घरात चौघं. फ्लॅट आहे, गच्ची सामाईक. मागच्या मे महिन्यात दीड क्विंटल लोकवन घेतला, दोन दिवस ऊन दिलं, कडुनिंबाचा पाला घालून कोठी भरली. ऑगस्टमध्ये बघितलं तर वरचा थर हाताला गरम लागत होता, उबट वास येत होता आणि किडे वळवळत होते. वाणी म्हणतात, गोळी टाकायची. आमचं चुकलं कुठे?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर: पाला ओला होता की वाळलेला, आणि ऊन दिलेला गहू कोठीत कधी भरला, या दोन गोष्टी पत्रात नाहीत. बहुतेक घरांत घोटाळा तिथेच होतो. झाडावरून तोडून आणलेला पाला घालणं म्हणजे कोठीत आपल्या हाताने पाणी घालणं. पाला सावलीत कुरकुरीत वाळलेला हवा, आणि त्याचा उपयोग किडे दूर ठेवण्यापुरता. आत आधीच असलेली कीड त्याने मरत नाही. गहू संध्याकाळी गच्चीवरून गरम असताना उचलून तसाच भरला, तर रात्री कोठीचा पत्रा थंड होतो आणि आतली वाफ झाकणाला धरते. वाटाण्याएवढे थेंब वरच्या दोन बोटं थरात उतरले की कीड तिथूनच सुरू होते.

सोंडकिड्याची मादी दाणा कोरून त्यात अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. त्यामुळे दुकानात गहू कितीही स्वच्छ दिसला तरी अंडी आत असू शकतात. पावसाळ्याच्या उबेत अंड्यापासून किडा व्हायला महिना-सव्वा महिना लागतो. मे महिन्यातली दोन-चार अंडी ऑगस्टपर्यंत तिसऱ्या पिढीला पोचतात. किड्यांच्या श्वासाने धान्य तापतं, ओलावतं, आणि ओल वाढली की किडे आणखी वाढतात. तुमच्या हाताला लागली ती हीच ऊब. दाण्यातली ओल १० टक्क्यांच्या खाली असेल तर त्यांची वाढ जवळजवळ थांबते. १२ टक्क्यांच्या वर गेलेला गहू वर्षभर ठेवायच्या फंदात पडू नये.

ओल घरच्या घरी अशी बघा. दाणा दाढेखाली धरून चावा. ‘कट्’ आवाज होऊन तुकडे पडले तर बरं, दबला किंवा चपटा झाला तर अजून ऊन हवं. दुसरी परीक्षा मिठाची. कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर गहू आणि तव्यावर भाजून गार केलेलं चमचाभर बारीक मीठ घाला, दोन-तीन मिनिटं हलवा आणि थांबा. मीठ काचेला चिकटलं तर गहू फार ओला आहे. खाली सुटं पडलं तर निदान ढोबळ ओल नाही. बारीक फरक दाढच सांगते.

या वर्षी गहू आणल्यावर आधी चाळा, फुटके दाणे वेगळे काढा. फुटक्या दाण्यावर आणि पिठूळ कोंड्यावर तांबडे पिठातले किडे आधी जमतात. चादरीवर दोन इंचांपेक्षा जाड थर नको. तासातासाने हात फिरवा, उन्हं उतरायच्या आत उचला. असं तीन दिवस करा. शेवटच्या दिवशी गहू खोलीत पसरून रात्रभर निवू द्या आणि दुसऱ्या दिवशी भरा. कोठी गळ्यापर्यंत भरा, वर घडी घातलेला वर्तमानपत्राचा जाड थर द्या आणि झाकणाच्या कडेने चिकटपट्टी फिरवा. कोठी जमिनीला किंवा बाहेरच्या भिंतीला टेकलेली नको. खाली लाकडी फळ्या घाला.

दीड क्विंटलला सुमारे २०० लिटरची जागा लागते, म्हणून लोक एकच मोठी कोठी घेतात. आम्ही पन्नास-पन्नास किलोच्या तीन घ्यायला सांगू. एक उघडायची, दोन सीलबंद राहतात. मोठ्या कोठीचं झाकण जुलै-ऑगस्टमध्ये दर आठ दिवसांनी उघडलं जातं आणि दर वेळी पावसाची हवा आत जाते. उघडलेल्या कोठीतूनही महिन्याचं धान्य एकदम काढून छोट्या डब्यात ठेवा.

गोळीचं सांगायचं तर, त्या नावाने दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक पाऱ्याची. पारा खाण्याच्या धान्यात कशाला? दुसरी ॲल्युमिनियम फॉस्फाइडची. ती हवेतली ओल लागताच फॉस्फिन वायू सोडते. बंद फ्लॅटमध्ये या वायूने माणसं दगावतात, आणि त्यावर उतारा नाही. ती गोदामांसाठी आहे, तीही परवानाधारक माणसाच्या हातची. वाण्याने पुडीत बांधून दिली तरी घेऊ नका.

आणि गच्चीवर तीन दिवस सलग ऊन मिळणार नसेल, तर वर्षाचा गहू भरूच नका. तीन-तीन महिन्यांचा घ्या. पोळ्या मोजून किती लागतो ते आधी काढा. एका पोळीला साधारण ३० ग्रॅम कणीक धरली आणि चौघांच्या दिवसाला सोळा पोळ्या, तर महिन्याला १४-१५ किलो होतात. दीड क्विंटल तुम्हाला दहा महिने पुरतो. अनेक घरांत बाहेरचं खाणं वाढलंय आणि गहू मात्र आजीच्या हिशोबाने भरला जातो.

प्रश्न: तूरडाळीला काही होत नाही, पण चवळी, मूग आणि मटकीला दोन महिन्यांत गोल भोकं पडतात. डबा घट्ट असूनही!
— एक वाचक, बार्शी

उत्तर: डबा घट्ट असून उपयोग नाही, कारण ही भोकं पाडणारा भुंगा बाहेरून येत नाही. त्याची अंडी शेतातच शेंगेवर घातलेली असतात आणि दाण्याबरोबर घरात येतात. दाण्यावर पांढरे, खसखशीच्या निम्मे ठिपके दिसतात तीच ही अंडी. डाळ भरडताना साल निघून जाते, म्हणून तूरडाळ वाचते.

थोडी कडधान्यं असतील तर पिशव्या बांधून चार दिवस डीप फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. खोलीच्या तापमानाला आली की मगच उघडा, नाहीतर दाण्यांवर दव धरतं आणि केलेलं सगळं फुकट जातं. पाच-दहा किलो असेल तर गच्चीवर काळं प्लास्टिक अंथरून त्यावर दाण्यांचा एकेरी-दुहेरी थर द्या, वरून पारदर्शक प्लास्टिक टाकून कडा दगडांनी दाबा. भर उन्हात आतलं तापमान ५५-६० अंशांवर जातं, आणि ते तासभर टिकलं तर दाण्यातली अळीही मरते. उघड्यावर ऊन दिलं तर मोठे किडे पळून जातात आणि अळ्या दाण्यात तशाच राहतात. नंतर किलोला एक लहान चमचा एरंडेल तळहाताने चोळून घ्या. अंडं चिकटत नाही, चिकटलं तर फुटत नाही. शिजवण्याआधी गरम पाण्याने धुतलं की झालं. मात्र बियाण्याचे दाणे प्लास्टिकच्या उन्हात घालू नका.

प्रश्न: निवृत्तीनंतर आम्ही दोघं मुंबईहून दापोलीजवळच्या गावात राहायला आलो. हा पहिलाच पावसाळा. शेजारच्या काकू ‘आगोटीचं भरलंत का?’ म्हणून रोज विचारतात. बाजार पाच किलोमीटरवर आहे, रिक्षा मिळते. चार महिन्यांचं खरंच भरून ठेवायला हवं?
— एक वाचक, ता. दापोली

उत्तर: काकूंचं ऐका, पण त्यांच्या सासूबाईंच्या यादीने नको. तेव्हा रस्ता बंद व्हायचा तो गणपतीपर्यंत. आता बंद होतो तो दरड किंवा झाड पडून, दोन-चार दिवस. अडचण खरी येते ती विजेची. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं ते मृगाच्या चार-पाच दिवस आधी, आणि तुमच्या भागात खांबच्या खांब आडवे झाले. म्हणून तयारी ७ जूनला नव्हे, ३१ मेला संपवायची.

दुकानातून येणाऱ्या वस्तू, म्हणजे चहा, साखर, तेल, साबण, कणीक, वीस दिवस पुरतील एवढ्याच ठेवा. संपत आलं की भरा. चार महिन्यांचं भरायचं ते दोन प्रकारचं: उन्हाशिवाय होत नाही ते, आणि पावसात महाग किंवा मिळेनासं होतं ते. आमसुलं पाऊण किलो. आंबोशी, कुळथाची पिठी. फणसाच्या आठळ्या तांबड्या मातीत घोळून वाळवून पडवीत ठेवल्या की भाजीला कित्येक आठवडे पुरतात. न सोललेले नारळ चाळीस-पन्नास, सोललेले फार दिवस राहत नाहीत. तांदूळ दोघांना दिवसाला ३०० ग्रॅम धरला तर चार महिन्यांना ३६ किलो लागेल. त्यात थोडा उकडा घ्या, तो पांढऱ्यापेक्षा कीड कमी धरतो.

कांदा पंधरा किलो, त्यातले दोन-तीन किलो सडायचे हे धरूनच. घेताना ‘उन्हाळ’ आहे ना, हे विचारा. पोळ (खरिपाचा) आणि रांगडा (उशिरा खरिपाचा) टिकत नाहीत. मध्यम आकाराचा, मान बारीक आणि पूर्ण सुकलेली असा बघून घ्या. जाड मानेचे निघाले ते आधी संपवा, कूज मानेतून शिरते. टोपलीत एकावर एक रचू नका. जाळीत किंवा अलिबागच्या पांढऱ्या कांद्यासारखी वेणी बांधून वाऱ्यावर टांगा. आठवड्यातून एकदा हात फिरवा. एक सडका राहिला तर चार दिवसांत आजूबाजूचे जातात.

सिलिंडर दोन, दोन्ही भरलेले. शिवाय चुलीची सोय हवी. लाकडं आणि शेणी पडवीत जमिनीपासून वीतभर उंच फळीवर रचा, भिंतीला लागू देऊ नका. कोळशाची शेगडी पेटवायची वेळ आली तर बाहेर, खिडक्या लावून घरात कधीच नाही. कोळशाचा विषारी वायू वासाने कळत नाही. आगपेट्या काचेच्या बरणीत भाजलेल्या तांदळाच्या पुरचुंडीसोबत ठेवा. बॅटरीचे सेल टॉर्चमध्ये घालून महिनोन्महिने ठेवले तर गळतात. सेल बाहेर, पण त्याच पिशवीत.

प्रश्न: माझ्या सासरी (मडगाव) ‘पुरुमेंत’ म्हणतात ते आगोटच का? आणि मागच्या वर्षी खाऱ्या बांगड्यावर गुलाबी डाग पडले. खावेत का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर: तेच. शब्द पोर्तुगीज ‘प्रोव्हिमेंतो’वरून आला, अर्थ पुरवठा, साठवण. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, म्हणून सुकी मासळी ही त्यातली मुख्य खरेदी.

गुलाबी डागांचं टाकून द्या. मिठातच वाढणारे जंतू असतात, ते ओल मिळाली की असा रंग धरतात. धुऊन उन्हात घातल्याने मासळी सुधारत नाही. मीठ हवेतली ओल ओढतं, त्यामुळे खारवलेली मासळी बिनमिठाच्या बोंबलापेक्षा पावसात लवकर ओलावते. घेताना बोंबील वाकवून बघा, कडकन मोडला पाहिजे. घरी आणून दोन-तीन तास ऊन, मग पूर्ण गार करून वर्तमानपत्रात गुंडाळून घट्ट डब्यात. जवळा निवडून कोरडा भाजून बरणीत भरला तर सर्वांत निर्धास्त. सोडे महाग, ते पाव-पाव किलोच्या पुड्यांत ठेवा. एक पुडी बिघडली तरी बाकीच्या राहतील. जुलैत उघडीप मिळाली की सगळं पुन्हा एकदा उन्हात घाला.

प्रश्न: सांगलीत आमच्या गल्लीत २०१९ला छातीएवढं पाणी होतं, २०२१लाही आलं. घर एकमजली, वर गच्ची आणि छोटी खोली. घरात आम्ही दोघं आणि वृद्ध सासरे. काय, किती आणि कधी वर न्यायचं?
— एक वाचक, सांगली

उत्तर: कधी, हे आधी. पाणी गल्लीत दिसल्यावर नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट आहे, धोका पातळी ४५ आणि २०१९ला पाणी ५७ फुटांवर गेलं. तुमच्या उंबऱ्याला किती फुटांवर पाणी लागतं हे तुम्हाला दोन पुरांवरून ठाऊक आहे. तो आकडा दारामागे लिहून ठेवा. ४० फूट झाले आणि कोयनेचा विसर्ग वाढता असेल, तर त्या दिवशी उजेडात सामान हलवायचं. सासऱ्यांना सामानाच्याही आधी, कोरड्या रस्त्याने नातेवाइकांकडे पाठवा. होडीत चढवणं त्यांच्यासाठी आणि होडीवाल्यांसाठीही अवघड.

दोघांनी हलवायचं म्हणजे ओझ्याचा विचार मे महिन्यातच करायला हवा. पन्नास किलोचं पोतं जिन्याने जात नाही. धान्य वीस-वीस किलोच्या झाकणाच्या डब्यांतच भरा, डब्याला कडी असलेली.

गॅसच्या सिलिंडरबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो, भरलेला जड असल्याने जागेवर राहील म्हणून. घरगुती सिलिंडर भरलेला साडेएकोणतीस किलोच्या आसपास भरतो आणि तो बाजूला सारतो ते पाणी त्याहून जास्त. म्हणजे भरलेलाही तरंगतो, तरंगताना नळी ओढतो, शेगडी पाडतो. रेग्युलेटर बंद करून काढा, तोंडाला प्लास्टिकचं टोपण बसवा, वर नेऊन उभा ठेवा आणि गजाला साखळीने बांधा. रेग्युलेटर चिखलात बुडाला असेल तर धुऊन वापरू नका, एजन्सीतून बदलून घ्या. गळतीचा संशय आला तर १९०६ या क्रमांकावर फोन करा.

पिण्याचं आणि रांधायचं पाणी माणशी रोज पाच लिटर धरा. दोघांना चार दिवसांना चाळीस लिटर, म्हणजे वीसचे दोन कॅन, आणि एक जास्तीचा. खायला चूल न लागणारं: भडंग, फुटाणे, गूळ-शेंगदाणे, दशम्या, सातूचं पीठ, खजूर. नुसत्या मॅगीचे पुडे भरू नका, त्यांना पाणी आणि गॅस दोन्ही लागतं.

पूर ओसरल्यावर खरा खेळ पाण्याचा. विहिरीचं, बोअरचं, कधी नळाचंही पाणी गढूळ आणि दूषित असतं. गढूळ असेल तर आधी तुरटीचा खडा हंड्यात आठ-दहा वेढे फिरवा, निवळू द्या, वरचं पाणी चौपदरी फडक्यातून गाळा. मग टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. ग्रामपंचायतीत हजार लिटरला पाच ग्रॅम असं प्रमाण सांगतात, पण घरी एका हंड्याला चिमटीचा दहावा भाग कोण मोजणार? त्यावर सोपी तोड आहे. प्लास्टिकच्या किंवा काचेच्या भांड्यात एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम पावडर कालवा, चुना तळाला बसू द्या. वरची निवळी जेवढे लिटर पाणी तेवढे मिलिलिटर घाला. वीस लिटरच्या हंड्याला वीस मिलिलिटर, म्हणजे औषधाच्या टोपणाने दोन-तीन टोपणं. टोपणावरच्या खुणा बघा. ढवळून अर्धा तास झाकून ठेवा. क्लोरीनचा हलका वास आला तर ठीक. अजिबात आला नाही तर पावडर जुनी आहे किंवा पाणी फार घाण, पुन्हा तेवढीच निवळी घाला. निवळी रोज ताजी करा. पावडरचा पुडा उघडा राहिला की जोर जातो, आणि संडास धुण्याच्या ॲसिडजवळ ती कधीच ठेवू नका. दोन्ही मिसळलं की विषारी वायू सुटतो.

पाणी घरात यायच्या आधी मेन स्विच बंद करा, इन्व्हर्टरची बॅटरी सुटी करून वर न्या. पाणी ओसरलं, भिंत कोरडी दिसली, तरी बोर्डाच्या पेटीत ओल असते. वायरमनने बघितल्याशिवाय मेन लावू नका. साफसफाईआधी प्रत्येक खोलीचे आणि भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे फोटो काढून ठेवा, पंचनाम्याला लागतात. कागद डिजिलॉकरमध्ये असले तरी रेशन कार्ड, बँक पासबुक आणि खरेदीखताच्या प्रती जाड प्लास्टिकच्या पिशवीत, गोळ्या-औषधांच्या डब्यातच ठेवा. उचलताना एकच डबा उचलावा लागतो. जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, रुग्णवाहिका १०८.

प्रश्न: दीडशे एएचची (अँपिअर-तासांची) इन्व्हर्टरची बॅटरी आहे, विक्रेत्याने आठ तास सांगितले होते. चार तासांतच बंद पडते. फसवणूक?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: बहुधा गणित. १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे १८०० वॉट-तास, पण इन्व्हर्टरमध्ये काही जातात आणि बॅटरी तळापर्यंत उपसली तर तिचं आयुष्य घटतं. हाताशी हजार-अकराशे धरा. दोन जुने पंखे १५० वॉट, चार एलईडी ३६, राउटर १०, म्हणजे जवळजवळ २०० वॉट, पाच तास. तेच पंखे बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे लावले तर एकूण भार शंभरच्या आसपास आणि वेळ दुप्पट. नवी बॅटरी घेण्याआधी पंखे बदला.

यातूनही चारच तास मिळत असतील तर बॅटरीचं पाणी बघा. फक्त डिस्टिल्ड. नळाच्या पाण्यातले क्षार प्लेटांवर बसतात. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर कोमट पाण्याने पुसून व्हॅसलीन लावा. बॅटरी बंद कपाटात ठेवू नका, चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटतो.

पॉवरबँकचंही तसंच. १०,००० एमएएच लिहिलेलं असलं तरी फोनपर्यंत सहा-साडेसहा हजार पोचतात, म्हणजे पाच हजार एमएएच बॅटरीचा फोन एकदा आणि थोडा. फ्रिजला इन्व्हर्टर जोडायची गरज नाही, दार न उघडता तो चार तास थंडी धरतो.

प्रश्न: बाजरीचं पीठ महिन्याचं दळून ठेवलं, कडू झालं. गिरणीचा दोष?
— एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर: नाही. बाजरीत तेल जास्त, दळल्यावर ते हवेला लागतं आणि आठवड्याभरात कडवट होतं. गिरणीत पीठ गरम निघतं, ते डब्यात तसंच भरलं तर आणखी लवकर. बाजरी दाण्यांत ठेवा, पाच दिवसांपुरती दळा, ताटात पसरून गार करा, मग डब्यात भरा.